जहाजाचं पीयूसी कोण बघतं? नाशिकमध्ये बसून, फोनवरून

नाशिकला समुद्र नाही. जवळचं मोठं बंदर म्हणजे न्हावा शेवा, आणि तिकडे जायला आधी कसारा घाट उतरावा लागतो. तरीही जहाजांशी आपला संबंध बराच जवळचा आहे. दरवर्षी जानेवारी ते एप्रिल या काळात निफाड आणि दिंडोरीची द्राक्षं रीफर कंटेनरमध्ये भरून न्हावा शेवाला जातात आणि तिथून जहाजाने रॉटरडॅमसारख्या युरोपातल्या बंदरांवर. कांद्याचे कंटेनरही त्याच बंदरातून निघतात.

आता गंमत बघा. कंटेनर ट्रकवर असतो तोपर्यंत त्या ट्रकला पीयूसी लागतं, बीएस-६ डिझेल लागतं, धूर जास्त दिसला तर चौकातला पोलीस अडवू शकतो. तोच कंटेनर जहाजावर चढला की पुढचे काही आठवडे आजूबाजूला फक्त पाणी. त्या जहाजावर वीस-पंचवीस माणसं राहतात, जेवतात, संडासला जातात. इंजिनरूममध्ये तेल गळतं. हे सगळं जातं कुठे? आणि कोणी बघत नसताना ते समुद्रात सोडून दिलं तर कळणार कसं?

हाच प्रश्न घराजवळही आहे. गंगापूर धरणात एमटीडीसीचा बोट क्लब आहे आणि नाशिककरांच्या नळाला येणारं बरंचसं पाणी याच धरणातलं. तिथे मी शेवटी येणार आहे. आधी समुद्राकडे जाऊ, कारण या प्रश्नाचं उत्तर समुद्रावर जास्त पुढे गेलंय आणि त्यातला बराच भाग तुमच्या फोनवर फुकटात बघता येतो.

जहाजातून बाहेर काय पडतं

बातम्या होतात त्या अपघातांच्या. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली, सुमारे ८०० टन तेल सांडलं, कंटेनर पाण्यात तरंगत होते आणि खारफुटीच्या मुळांना काळा लेप बसला होता. पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट २०११ ला, साठ हजार टनांच्या आसपास कोळसा घेऊन निघालेलं रॅक कॅरियर मुंबईजवळ बुडालं. त्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये १०० कोटी रुपयांची पर्यावरण भरपाई ठोठावली.

पण अपघात कधीतरी होतो. रोज होतं ते वेगळंच. प्रत्येक जहाजातून, काहीही न बिघडता, चार-पाच प्रकारचं पाणी बाहेर पडत असतं. संडासाचं पाणी, ज्याला जहाजावर ब्लॅक वॉटर म्हणतात. आंघोळीचं आणि स्वयंपाकघराचं, म्हणजे ग्रे वॉटर. इंजिनरूमच्या तळाशी साठणारं तेलकट पाणी, ते बिल्ज. जहाजाचा तोल राखायला टाक्यांत भरलेलं आणि दुसऱ्या बंदरात ओतलेलं समुद्राचं पाणी, ते बॅलास्ट. त्यातून एका देशातले शिंपले आणि शेवाळ दुसऱ्या देशात पोचतात. काही जहाजांवर धूर धुतलेलं पाणीसुद्धा असतं, त्यावर पुढे बोलू.

या सगळ्याला लागू होणारा मुख्य आंतरराष्ट्रीय करार म्हणजे मार्पोल. तो १९७३ मध्ये ठरला आणि १९७८ मध्ये त्याला जोड दिली गेली. त्याची सहा परिशिष्टं आहेत: तेल, घातक द्रव, पॅकबंद घातक माल, मैला, कचरा आणि हवा. बॅलास्टसाठी वेगळा करार आहे, तो ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू झाला. ग्रे वॉटरचं मात्र नवल वाटेल. त्याच्यावर मार्पोलमध्ये जगभर लागू होणारी मर्यादाच नाही. शॉवरचं साबणाचं पाणी थेट समुद्रात सोडलं तर बहुतेक ठिकाणी ते कायदेशीर ठरतं. पाच-सहा हजार माणसांच्या क्रूझ जहाजाचं असं पाणी किती होत असेल, हिशोब करून बघा.

पंधरा पीपीएम म्हणजे किती

मला यात सगळ्यात रंजक वाटतो तो बिल्जचा नियम, कारण त्यात तंत्रज्ञान आहे, आणि त्याला फसवण्याचं तंत्रही आहे.

नियम असा: ४०० टनेजपेक्षा मोठ्या जहाजाने तेलकट पाणी सोडायचं तर ते चालत्या जहाजातूनच, गाळणी यंत्रातून काढून आणि त्यात तेल १५ पीपीएमपेक्षा जास्त नसेल तरच सोडायचं. १५ पीपीएम म्हणजे गच्चीवरच्या १००० लिटरच्या टाकीत १५ मिली तेल, साधारण एक मोठा चमचा.

हे मोजणारं उपकरण म्हणजे ऑइल कंटेंट मीटर. बाहेर जाणाऱ्या पाण्याचा थोडा नमुना सतत एका काचेच्या नळीतून जातो आणि त्यावर प्रकाशाचा किरण सोडतात. पाण्यात तेलाचे बारीक थेंब असले की प्रकाश विखुरतो. किती विखुरला त्यावरून तेलाचं प्रमाण निघतं. आकडा १५ च्या वर गेला की अलार्म वाजतो आणि मोठ्या जहाजांवर व्हॉल्व्ह आपोआप फिरून ते पाणी समुद्राऐवजी परत टाकीत जातं. प्रत्येक वेळची नोंद ऑइल रेकॉर्ड बुकमध्ये करायची असते. ऑक्टोबर २०२० पासून ही वही इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवायलाही परवानगी आहे. बंदरात निरीक्षक चढला की बहुतेकदा आधी हीच वही मागतो.

मग फसवतात कसं? दोन वाटा आहेत. एक म्हणजे ‘मॅजिक पाईप’. हा शब्द खलाशांचाच आहे. गाळणी यंत्राला वळसा घालून थेट बाहेर जाणारा पाईप रात्री जोडायचा, बंदर यायच्या आत काढून ठेवायचा, वर रंग मारायचा. दुसरी वाट सेन्सरलाच मूर्ख बनवायची: नमुन्याच्या नळीत स्वच्छ पाणी सोडत राहायचं. मीटर बिचारा प्रामाणिकपणे ‘शून्य पीपीएम’ लिहीत बसतो आणि डिजिटल नोंद एकदम झकास दिसते.

कॅरिबियन प्रिन्सेस या क्रूझ जहाजावर असाच प्रकार चालला होता. ऑगस्ट २०१३ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ तेलकट पाणी सोडलं जात असल्याचं एका नव्यानेच नोकरीला लागलेल्या इंजिनिअरच्या लक्षात आलं. जहाज साउथॅम्प्टनला लागल्यावर त्याने नोकरी सोडली आणि पाईपच्या फोटोंसह ब्रिटिश अधिकाऱ्यांकडे गेला. पुढे अमेरिकेत खटला चालला, प्रिन्सेस क्रूझ कंपनीने गुन्हा कबूल केला आणि ४ कोटी डॉलर दंड भरला. त्या इंजिनिअरला १० लाख डॉलरचं बक्षीस मिळालं, कारण अमेरिकेच्या कायद्यात अशा माहिती देणाऱ्याला दंडाच्या निम्म्यापर्यंत रक्कम देता येते. सेन्सर, अलार्म आणि वही सगळं जागेवर होतं. पकडलं ते एका माणसाने काढलेल्या फोटोंमुळे, हे लक्षात असू द्या.

ओझरइतकं लांब जा, मग सोडा

मैल्याचा नियम अंतरावर चालतो. जहाजावर मान्यताप्राप्त शुद्धीकरण यंत्र असेल तर प्रक्रिया केलेलं पाणी सोडता येतं. नुसतं बारीक करून निर्जंतुक केलेलं असेल तर किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या, म्हणजे साडेपाच किलोमीटरच्या, पलीकडे. आणि काहीच प्रक्रिया केलेली नसेल तर १२ सागरी मैलांच्या पलीकडे, तेही जहाज किमान ४ नॉट वेगाने चालत असताना, हळूहळू. १२ सागरी मैल म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, नाशिकहून ओझरला जाण्याइतकं. ४ नॉट म्हणजे ताशी साडेसात किलोमीटर, सकाळी जॉगिंग ट्रॅकवर आरामात पळणाऱ्याचा वेग.

चालत्या जहाजातूनच का? जहाजाच्या पंख्याने पाणी घुसळलं जातं, मैला एका जागी न राहता लांब पट्ट्यात पसरतो, आणि खारं पाणी व ऊन मिळून बरेचसे जंतू किनारा गाठायच्या आत मरतात. नियमामागे एवढंच साधं गणित आहे.

एक तुलना मात्र मला गमतीची वाटते. २०१६ पासून बसवलेल्या जहाजावरच्या शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात १०० मिलीमागे कोलिफॉर्म जंतू १०० च्या वर चालत नाहीत. आपल्याकडे शहरांच्या नव्या मलशुद्धीकरण केंद्रांसाठी २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत हीच मर्यादा १००० होती. (हरित लवादाने पुढे ती मानकं आणखी कडक करायला सांगितलं, ते खरं.) म्हणजे कागदावर तरी जहाजाच्या संडासाला शहराच्या संडासापेक्षा कडक नियम! तपोवन किंवा आगरटाकळीच्या केंद्राजवळून गोदावरीकडे बघताना हे आठवलं की जरा विचित्रच वाटतं.

प्लास्टिकचा नियम एका ओळीत संपतो: कुठेही टाकायचं नाही, भर समुद्रातही नाही. कचरा, तेलाचा गाळ, उरलेला मैला बंदरात द्यायचा असतो. भारतात त्यासाठी ‘स्वच्छ सागर’ नावाचं पोर्टल आहे, जहाज आधीच तिथे कळवतं की अमुक बंदरात एवढा कचरा उतरवायचा आहे.

धुराचा नियम

१ जानेवारी २०२० पासून जगभरच्या जहाजांच्या इंधनात गंधक ०.५ टक्क्याच्या वर नको, असा नियम आहे. त्याआधी ३.५ टक्के चालायचं. कमी झालं, चांगलंच झालं. पण ०.५ टक्के म्हणजे ५००० पीपीएम, आणि आपल्या बीएस-६ डिझेलची मर्यादा १० पीपीएम आहे. दिंडोरीहून द्राक्षं नेणारा ट्रक ज्या डिझेलवर चालतो, त्याच्या पाचशे पट गंधक जहाजाच्या इंधनात कायदेशीरपणे असू शकतं.

इंग्लिश खाडी आणि उत्तर समुद्रात मर्यादा ०.१ टक्का आहे, भूमध्य समुद्रातही १ मे २०२५ पासून तीच. त्यामुळे रॉटरडॅमला जाणारं जहाज वाटेत इंधन बदलतं. नाहीतर स्वस्त, जास्त गंधकाचं इंधन जाळून स्क्रबर लावतं. स्क्रबर म्हणजे धुरावर समुद्राच्या पाण्याचे फवारे. गंधक हवेत जात नाही, पाण्यात उतरतं, आणि ओपन लूप प्रकारात ते आम्लधर्मी पाणी सरळ समुद्रात. घर झाडून कचरा शेजाऱ्याच्या अंगणात लोटला, असा हा प्रकार आहे असं माझं मत. सिंगापूरने २०२० पासूनच आपल्या बंदरात असं पाणी सोडायला मनाई केली. डेन्मार्क, स्वीडन आणि फिनलंडने जुलै २०२५ पासून.

डेन्मार्कमध्ये ग्रेट बेल्ट पुलावर सेन्सर लावलेत. खालून जाणाऱ्या जहाजाच्या धुराचा वास घेऊन ते गंधकाचा अंदाज करतात, आणि संशय आला की पुढच्या बंदराला कळवलं जातं. जहाजाचं पीयूसी म्हणायचं तर हेच.

आता फोन काढा

पहिलं ॲप मरीनट्रॅफिक किंवा व्हेसलफाइंडर, दोन्हीपैकी कोणतंही. नकाशा मुंबईवर आणा. रंगीत बाण दिसतील, प्रत्येक बाण एक जहाज.

हे चालतं एआयएसवर. आंतरराष्ट्रीय प्रवास करणारं ३०० टनेजपेक्षा मोठं प्रत्येक मालवाहू जहाज आणि आकार कितीही असला तरी प्रवासी जहाज, यांनी आपलं नाव, ठिकाण, वेग आणि दिशा रेडिओवरून सतत सांगत राहायची असते. चालत असेल तर दर काही सेकंदांनी, नांगरलेलं असेल तर दर तीन मिनिटांनी. ही यंत्रणा मुळात टक्कर टाळण्यासाठी आली. पण लहरी उघड्या असल्याने कोणीही ऐकू शकतं, आणि किनाऱ्यावरचे रिसीव्हर ऐकून ते नकाशावर टाकतात. खोल समुद्रातलं ऐकायला उपग्रह लागतात, ते बहुतेक ॲपमध्ये पैसे देऊन मिळतं.

बाणावर टॅप करा. दोन आकडे बघायचे. नऊ अंकी एमएमएसआय. तो ४१९ ने सुरू होत असेल तर जहाज भारतीय झेंड्याचं. आणि सात अंकी आयएमओ नंबर. गाडीच्या चासी नंबरसारखा हा असतो: जहाजाचं नाव बदलो, मालक बदलो, देश बदलो, हा बदलत नाही. तो कॉपी करून इक्वासिस या संकेतस्थळावर टाका. फुकट आहे, फक्त नोंदणी करावी लागते. त्या जहाजाची कोणत्या बंदरात तपासणी झाली, त्रुटी किती निघाल्या, कधी अडकवून ठेवलं होतं का, हे सगळं दिसतं. जुनी गाडी घेताना चलनं तपासतो ना, तसंच.

दुसरी पायरी उपग्रह. युरोपचे सेंटिनेल-१ उपग्रह रडार लहरी खाली सोडतात आणि परत आलेला प्रतिध्वनी मोजतात. समुद्रावर बारीक लाटा असतात, त्यांच्यावरून लहरी परत येतात आणि चित्रात पाणी करडं दिसतं. तेलाचा पातळ थर या बारीक लाटा दाबून टाकतो. पृष्ठभाग गुळगुळीत झाला की लहरी दुसरीकडे उडून जातात आणि तेवढी जागा काळी दिसते. चालत्या जहाजाने तेल सोडलं असेल तर मागे शेपटीसारखी लांब काळी रेघ. रडारला ढग अडवत नाहीत, रात्र अडवत नाही. आपल्या किनाऱ्यासाठी हे फार मोलाचं आहे, कारण चार महिने पावसाळ्यात साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला ढगांशिवाय काही दिसत नाही.

ही चित्रं कोपर्निकस ब्राउझरवर फुकट आहेत, पण स्वतः शोधत बसायला वेळ लागतो. सोपा मार्ग सेरुलियन. स्कायट्रुथ या अमेरिकेतल्या ना-नफा संस्थेने ते बनवलंय. सेंटिनेल-१ ची चित्रं आली की मशीन लर्निंगचं मॉडेल त्यात तेलाच्या रेघा शोधतं, मग त्या वेळी त्या जागेवरून कोणतं जहाज गेलं हे एआयएसमधून जुळवतं आणि संशयितांची क्रमवारी लावतं. फोनच्या ब्राउझरमध्येही उघडतं, फक्त डेटा बराच खातं, वायफायवर बघा.

मी अधूनमधून अरबी समुद्राचा नकाशा त्यावर चाळतो. गोव्याच्या आणि कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडावर जे डांबराचे चिकट गोळे येऊन पडतात, ते कुठून येतात याचा अंदाज अशा नकाशाने जरा येतो. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या गोळ्यांची रासायनिक ओळख पटवण्याचं काम केलंय. प्रत्येक ठिकाणच्या कच्च्या तेलाची स्वतःची रासायनिक सही असते, बोटाच्या ठशासारखी. त्यातून टँकरच्या टाक्या धुतलेलं पाणी आणि समुद्रातल्या तेलविहिरी, अशा दोन्हींकडे बोट गेलं आहे.

पण थांबा, स्क्रीनशॉट काढून लगेच इन्स्टावर ‘पकडलं!’ असं टाकू नका. काळा डाग म्हणजे तेलच असं नाही. वारा अगदी पडला की पाणी आपसूक गुळगुळीत होतं आणि काळं दिसतं. शेवाळाचा थर, मुसळधार पाऊस, माशांचं तेल यांनीही तसं दिसतं. वारा फार जोराचा असेल तर उलट खरं तेलही दिसत नाही. शिवाय उपग्रह एकाच जागी रोज येत नाही आणि खोल समुद्राचा मोठा भाग टिपलाच जात नाही. आणि जहाजाने एआयएस बंद केलं तर? रडारवर लोखंडी जहाजाचा चमकता ठिपका तरीही दिसतो, पण त्याला नाव नसतं. म्हणून युरोपातसुद्धा उपग्रहाचा इशारा आला की विमान पाठवून खात्री करतात, बंदरात जहाजावर चढून टाक्या तपासतात, तेव्हा कुठे खटला उभा राहतो.

आपल्याकडे ही जबाबदारी वाटून दिलेली आहे. बंदराच्या हद्दीत बंदर प्राधिकरण, त्यापुढे समुद्रात तटरक्षक दल, आणि जहाजांच्या प्रमाणपत्रांसाठी मुंबईतलं नौवहन महासंचालनालय. २०२५ मध्ये संसदेने १९५८ चा जुना मर्चंट शिपिंग कायदा बदलून नवा मंजूर केला, मार्पोलसारख्या करारांच्या अंमलबजावणीच्या तरतुदी त्यात आहेत. समुद्रात तेल सांडलेलं किंवा काही आणीबाणी दिसली तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४. सुट्टीत अलिबागला किंवा तारकर्लीला जाताना सेव्ह करून ठेवा.

आणि गंगापूर?

इथे आकार बदलतो. बोट छोटी, पण पाणी पिण्याचं आणि साचलेलं. समुद्रात सोडलेलं एक लिटर तेल पसरून विरतं. धरणात ते तिथेच फिरत राहतं. गंगापूर हे १९६५ मध्ये पूर्ण झालेलं मातीचं धरण, आणि शहराचा भार त्यानंतर किती वाढला ते तुम्ही बघताच आहात.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. गोदावरीचं मोठं दुखणं बोटी नाहीत, शहराचं सांडपाणी आहे, आणि ते धरणाच्या खाली मिसळतं. बोटींना खलनायक करायचं मला काही कारण नाही. पण धरणाच्या आत, जिथून पिण्याचं पाणी उचललं जातं तिथे, यंत्रावर चालणारी कोणतीही गोष्ट कशी चालते हे विचारायला हवं.

मुख्य मुद्दा इंजिनचा. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरचा निळा धूर आठवतोय का? तुम्हाला नसेल, तर घरात काकांना विचारा. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात, आणि नवं मिश्रण आत येण्याचं आणि धूर बाहेर जाण्याचं दार काही क्षण एकाच वेळी उघडं असतं. त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोक आउटबोर्डमध्ये इंधनाचा पाव हिस्सा, कधी त्याहून थोडा जास्त, न जळताच बाहेर पडतो. आणि बोटीचा सायलेन्सर हवेत नसतो, बहुतेक आउटबोर्डमध्ये तो पाण्याखाली उघडतो. फोर-स्ट्रोकमध्ये ही दारं वेगळी उघडतात, म्हणून हे नुकसान फारच कमी. अमेरिकेतल्या लेक टाहोवर, ज्याचं पाणी आसपासची गावं पितात, जून १९९९ पासून कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोकला बंदीच आहे.

आपल्याकडचा कायदा २०२१ चा, अंतर्देशीय जलयान कायदा. त्याने १९१७ चा ब्रिटिशकालीन कायदा बदलला. नदी, कालवा, तलावात चालणाऱ्या यांत्रिक बोटींची नोंदणी, तपासणी, आणि प्रदूषक पाण्यात सोडायला मनाई, हे सगळं त्यात आहे. प्रदूषण प्रतिबंधाचं प्रमाणपत्रही आहे. वल्ह्याच्या आणि पायडलच्या बोटी त्यात वेगळ्या धरल्या आहेत. त्याशिवाय १९७४ चा जलप्रदूषण कायदा, ज्यात धरणाचं पाणीही मोडतं. आणि वापरलेलं इंजिन ऑइल घातक कचऱ्यात येतं, ते अधिकृत रिसायकलरकडेच द्यायचं असतं, काठावर ओतायचं नसतं.

म्हणजे नियम आहेत. नाही ती समुद्रावरची दुसरी बाजू: सहा मीटरच्या बोटीला एआयएस लागत नाही, तिच्या तळातलं पाणी मग्याने उपसून टाकलं तर कोणता मीटर ते मोजत नाही, आणि तिचा तवंग सेंटिनेलच्या चित्रात सापडेल इतका मोठा नसतो. इक्वासिससारखी जागाही नाही जिथे बोटीचा नंबर टाकून शेवटची तपासणी कधी झाली ते दिसेल. माझ्या मते पहिली मागणी तीच असायला हवी. प्रत्येक जलाशयातल्या प्रत्येक मोटरबोटीचा नोंदणी क्रमांक, इंजिनचा प्रकार आणि तपासणीची तारीख बोटीवरच क्यूआर कोडने दिसू दे. रिक्षात लावतात तसा. खर्च एका स्टिकरचा.

दुसरा उपाय इंजिनच बदलणं, आणि तो आता प्रयोगशाळेतला राहिलेला नाही. कोचीची वॉटर मेट्रो एप्रिल २०२३ पासून बॅटरीवरच्या बोटींनी शहरात प्रवासी नेते. वाराणसीत घाटांवरच्या डिझेल बोटींना सीएनजी इंजिनं बसवली, आणि त्यांच्यासाठी पाण्यावर तरंगता सीएनजी पंप आहे. गंगापूरसारख्या ठिकाणी, जिथे फेरी छोटी आणि बोट संध्याकाळी त्याच जेट्टीला परत येते, तिथे चार्जिंग तर आणखी सोपं. २०२७ च्या सिंहस्थासाठी नदीत आणि धरणात बचावाच्या व देखरेखीच्या बोटी उतरतीलच. त्या घेतानाच निविदेत इंजिनची अट टाकता येते. एकदा खरेदी झाली की पुढची दहा-पंधरा वर्षं तेच इंजिन चालणार.

पाण्यावर तवंग दिसला तर

आधी काडी घ्या. हो, साधी काडी. पाण्यावरचा चकाकता थर काडीने ढवळा. त्याचे काचेसारखे तुकडे पडले आणि वेगळेच राहिले, तर ते बहुतेक लोहजिवाणू आहेत, साचलेल्या पाण्यात आपोआप येतात, त्यात कोणाचा दोष नाही. थर काडीमागे लगेच परत जुळला, तर तेल.

मग रंग बघा. तेलाचा थर किती जाड आहे हे रंगावरून ठरवण्याची पद्धत युरोपातले गस्ती वैमानिक वापरतात. रुपेरी-करडी चकाकी म्हणजे अगदीच पातळ. इंद्रधनुष्यासारखे रंग म्हणजे ०.३ ते ५ मायक्रॉन. दहा मीटर बाय दहा मीटरच्या पट्ट्यावर असे रंग दिसले तर तिथे सुमारे ३० मिलीपासून अर्ध्या लिटरपर्यंत तेल आहे. दिसायला भयंकर, प्रत्यक्षात कमी, हे फोटो टाकण्याआधी ध्यानात घ्या. रंग जाऊन थर तपकिरी किंवा काळा दिसत असेल तर मात्र प्रकरण मोठं.

फोटो दोन काढा. एक जवळून, त्यात मोजमापासाठी वल्हं किंवा पाण्याची बाटली येऊ द्या. एक लांबून, ज्यात जेट्टी किंवा काठ ओळखू येईल. लोकेशन चालू ठेवा आणि मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्यातली जागेची आणि वेळेची माहिती निघून जाते, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. बोटीचा नंबर दिसत असेल तर तो लिहून घ्या. तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नाशिक कार्यालयाकडे लेखी करा आणि पोच घ्या. धरण असेल तर एक प्रत जलसंपदा विभागाला, आणि पाणी पिण्याचं असेल तर महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागालाही.